गटप्रकल्प आणि अजिंठा : काम पुढच्या हाती देण्याचा इतिहास



आजचा विषय मला असा दिला गेला : विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे गटप्रकल्प आणि त्यांचं व्यवस्थापन. माझा सगळा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, परीक्षानळी मी शाळेनंतर हातात धरलेली नाही. तेव्हा प्रकल्पाचा तक्ता कसा आखावा हे मला विचारू नका, ते तुम्हाला मोबाइलवर दोन मिनिटांत सापडेल. मी एवढंच करू शकतो, की हा प्रश्न किती जुना आहे ते दाखवू शकतो. आणि त्यासाठी फार लांब जायला नको. संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे.

आधी प्रश्न नीट मांडू. गटात पाच जण, मार्गदर्शक एक, मुदत एका सत्राची. पहिला महिना विषय ठरवण्यात जातो. मधले दोन महिने ‘तू सुरू कर, मी येतोच’ यात जातात. शेवटच्या आठवड्यात एक मुलगी रात्र रात्र जागून अहवाल लिहिते, दुसरा प्रिंट काढून बायंडिंग करून आणतो, आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी तिसरा दारात उभा राहून विचारतो, ‘अरे, आपल्या प्रकल्पाचं नाव काय?’ तुम्ही हसताय, म्हणजे ओळख पटली. गुण मात्र पाचही जणांना सारखे.

यावरची नेहमीची तक्रार न्यायाची असते : मी राबले आणि त्याला फुकटात मिळालं. तक्रार खरी आहे. पण तिच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, तो सहसा कुणी विचारत नाही. ती मुलगी शेवटच्या आठवड्यात तापाने पडली असती तर? तिचं काम जिथं थांबलं तिथून उरलेल्या चौघांना ते पुढे नेता आलं असतं का? येणार नसेल, तर कागदावर पाच नावं असली तरी ते एकट्याचं काम होतं. माझी कसोटी हीच आहे. आपलं काम पुढच्या हाताला उचलता येईल अशा स्थितीत ठेवणं, हे गटाने काम केल्याचं पहिलं लक्षण. ही कसोटी घेऊन आपण अजिंठ्यात जाऊ या.

अजिंठ्याची लेणी दोन वेगळ्या काळांत खोदली गेली. पहिला टप्पा इसवी सनापूर्वीचा. लेणं क्रमांक ९ आणि १० ही त्यातली चैत्यगृहं. दुसरा टप्पा पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचा. वाघूर नदी जिथं घोड्याच्या नालेसारखी वळते, तिथल्या काळ्या कातळात ही तीसएक लेणी आहेत.

आता इमारत बांधणं आणि लेणं खोदणं यांतला फरक लक्षात घ्या. इमारतीत एखादा खांब चुकला तर पाडून पुन्हा उभा करता येतो. लेण्यात सगळी वजाबाकीच. जो दगड काढला तो काढला. म्हणून छत आधी, मग खाली उतरत यायचं. खांब कुठे येणार हे छताशी असतानाच ठरलेलं पाहिजे, कारण तेवढा दगड न तोडता सोडायचा आहे. ही आखणी कागदावर नव्हे, माणसांच्या डोक्यात आणि कातळावरच्या खुणांत होती. क्रमांक २४ चं लेणं अर्धवट राहिलं, आणि म्हणूनच ते विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावं असं आहे. टाकीने समांतर चर पाडायचे, मधे उभे राहिलेले दगडाचे कणे फोडून काढायचे, मग खालचा थर घ्यायचा, ही कामाची रीत तिथं अजून डोळ्यांनी दिसते. पूर्ण झालेली लेणी आपल्याला निकाल दाखवतात. अपुरं लेणं कृती दाखवतं.

दगड फोडणाऱ्याच्या मागे गिलावा करणारा. अजिंठ्याची चित्रं सरळ दगडावर काढलेली नाहीत. चिकणमाती, दगडाची भरड, भाताचं तूस, गवताचे आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा भिंतीवर दिला, वर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी चित्रं काढली. गेरू, पिवळी माती, काजळ, चुना, हिरवी माती हे रंग. आणि निळा मात्र लाजवर्द दगडाचा, जो थेट अफगाणिस्तानाकडून यायचा. म्हणजे साहित्याचा पुरवठा हाही प्रकल्पाचा एक भाग होताच.

इथं एक बारीक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. चित्रं जिथं येणार त्या भिंती पाथरवटाने घोटून गुळगुळीत केलेल्या नाहीत. टाकीचे घाव तसेच ठेवले, कारण खडबडीत भिंतच गिलावा धरून ठेवते. पाथरवटाला गुळगुळीत करता येत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. खांबांवरचं आणि मूर्तींचं काम बघा. पण आपल्या कामात पुढच्या माणसाला काय लागणार हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या गटात आकडे गोळा करणारा स्वतःलाच कळतील अशा खुणांनी वही भरतो, आणि विश्लेषण करणारी डोकं धरून बसते. भिंत गुळगुळीत करून दिल्यासारखंच ते. गिलावा टिकत नाही.

आता पैसा आणि मुदत. क्रमांक १० च्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. वासिष्ठीपुत्र कटहादी याने ‘घरमुख’ दान दिलं, असं त्यात म्हटलं आहे. घरमुख म्हणजे दर्शनी भाग. अख्खं लेणं माझं असं तो म्हणत नाही. माझा वाटा एवढा, असं दगडावर कोरून ठेवतो. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कुणी काय केलं याची इतकी नेमकी नोंद आहे. पुढे वाकाटकांच्या काळात क्रमांक १६ हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, आणि क्रमांक २६ बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. तेही लेखांवरून कळतं. मात्र ज्यांनी टाकी चालवली आणि ज्यांनी कुंचला धरला, त्यांचं नाव या लेखांत नाही. हा मुद्दा मनात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

मिशिगन विद्यापीठातले वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याचा जन्मभर अभ्यास केला. २०१९ मध्ये ते गेले. त्यांचं म्हणणं असं, की वाकाटक काळातलं सगळं काम साधारण इ. स. ४६२ ते ४८० एवढ्या थोड्या अवधीत झालं. हरिषेण गेल्यावर अस्थिरता आली, आणि दात्यांनी बाकी सगळं सोडून आपापल्या लेण्यातली मुख्य बुद्धमूर्ती तेवढी घाईने पुरी करून घेतली. सगळ्या अभ्यासकांना ही कालगणना मान्य नाही, काही जण काम जास्त काळ चाललं असं मानतात. पण स्पिंक यांची पद्धत बघा. दाराच्या खुंट्यांची भोकं, कुठे गिलावा आहे आणि कुठे नाही, कोणत्या खोलीचा उंबरा अर्धा राहिला, अशा खुणांवरून त्यांनी कामाचा क्रम मांडला. खुणा राहिल्या म्हणून पंधराशे वर्षांनी कुणाला तरी हे वाचता आलं. मुदत संपत आली की आधी गाभ्याचं काम पुरं करायचं, हा धडाही त्यात आहेच. तुमच्याकडे उलटं होतं. मुखपृष्ठ आधी सजतं आणि निष्कर्ष शेवटच्या रात्री लिहिला जातो.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. लेणी पुन्हा जगाच्या नजरेस आली होती आणि चित्रं झपाट्याने खराब होत होती. जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत लेण्यांवर निबंध वाचला, त्यानंतर कंपनी सरकारला जाग आली, आणि १८४४ मध्ये मद्रास सैन्यातले रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला करायला पाठवलं. गिल म्हटलं की आपल्याकडे पारोची गोष्ट निघते. महानोरांच्या दीर्घकवितेमुळे ती घरोघरी गेली. आज ती बाजूला ठेवू आणि गिल यांच्या कामाकडे पाहू.

वीसेक वर्षं हा माणूस अंधाऱ्या लेण्यांत बसून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करत होता, बऱ्याच अंशी एकहाती. नकला लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली. सगळं जळालं. प्रदर्शनात नसलेली चार-पाच चित्रं तेवढी वाचली. त्या संपूर्ण कामाचा दुसरा संच कुठेही नव्हता. गिल यांच्याबरोबर तयार झालेला, ‘मी पुढे करतो’ म्हणणारा शिष्यवर्गही नव्हता. त्यांच्या चिकाटीबद्दल मला अतिशय आदर आहे. पण आपली कसोटी लावली तर उत्तर कठीण येतं. काम एका माणसात आणि एका जागी साठलं होतं.

आगीनंतर काम पुन्हा करायचं ठरलं, आणि ते मुंबईच्या कलाशाळेकडे आलं. आज आपण तिला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणतो. तिथले जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ मध्ये हे काम हाती घेतलं आणि १८८५ पर्यंत चालवलं. मित्रहो, हा खऱ्या अर्थाने विद्यार्थ्यांचा गटप्रकल्प होता. मार्गदर्शक एक आणि हाताशी शाळेचे विद्यार्थी. त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजलेले चित्रकार झाले. काम हिवाळ्यात चालायचं, डिसेंबर ते मार्च. अजिंठ्याचा उन्हाळा आणि पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला कारण सांगायला नको. वेळापत्रक ऋतूने ठरवलं होतं आणि गटाने ते मानलं होतं. अशा हंगामांत मिळून सुमारे ३०० चित्रं तयार झाली.

आणि मग, काय योग बघा, १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्येही आग लागली. शंभराहून जास्त नकला गेल्या. पण यावेळी सगळं संपलं नाही. १६६ चित्रं आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, आणि जळालेल्या व वाचलेल्या कामातून एक परंपरा उभी राहिली. आग दोघांच्याही वाट्याला आली. पहिल्या वेळी जवळजवळ सगळं एका छताखाली होतं. दुसऱ्या वेळी काम पुष्कळ हातांनी झालेलं होतं, त्याचा मोठा भाग वाचला, आणि शिवाय ते काम करू शकणारी माणसं मुंबईत तयार झाली होती. एखादा गट चित्रं तयार करतो तेव्हा तो चित्रं काढणारी माणसंही तयार करतो. तुमच्या प्रकल्पाला गुण मिळतील ते अहवालाला. खरी निर्मिती तुमच्यातल्या पाचव्या मुलाला सूक्ष्मदर्शक नीट लावता यायला लागणं, ही आहे.

ग्रिफिथ्स यांच्या गटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे गुणगान होईल. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात मूळ चित्रांवर वॉर्निश चढवलं गेलं. त्या दिवसाचं काम सोपं झालं. पुढे तेच वॉर्निश काळवंडलं आणि चित्रांवर बसलं. मग १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने, पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांच्या काळात, इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते काम मोलाचं होतं. पण त्यांनी वापरलेलं लाखेचं रोगणही काळाने गडद झालं, आणि ते थर काढत बसणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांच्या वाट्याला आलं. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण ज्या माणसाला आपलं काम सोडवावं लागणार आहे, तो त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. पाथरवटाच्या डोळ्यांसमोर गिलावा करणारा होता, हा फरक.

मधला एक गट थोडक्यात सांगतो, कारण तिथं नावांचा प्रश्न सुटताना दिसतो. १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी पुन्हा नकला करवल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, व्यंकटप्पा हे तरुण चित्रकार आले, आणि हैदराबादहून सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन. १९१५ मध्ये इंडिया सोसायटीने हे काम प्रसिद्ध केलं तेव्हा नकला करणाऱ्यांची नावं जगासमोर आली. आणि सय्यद अहमद? ते पुढे अजिंठ्याच्या लेण्यांचे अभिरक्षक झाले. गटात शिकाऊ म्हणून आलेला माणूस त्या वास्तूचा राखणदार झाला. काम पुढच्या हाती गेलं, ते असं.

आता तुमच्या काळातलं, तुमच्या विषयातलं आणि तुमच्याच शहरातलं उदाहरण. २०१६ च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लेखक दोन. पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनशास्त्रज्ञ मॅनेजर सिंग, आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले मिलिंद सरदेसाई. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे त्यांनी दाखवलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि अवरक्त वर्णपटमापन यांनी गिलाव्यातले तुकडे तपासले, आणि जालना परिसरातून व दिल्लीकडून आणलेल्या ताज्या भांगेशी ते ताडून पाहिले.

यात गट कसा लागला बघा. रसायनशास्त्रज्ञाला गिलावा कळतो, पण हा तंतू कोणत्या झाडाचा हे ठामपणे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ हवा. वनस्पतिशास्त्रज्ञाला झाड ओळखता येतं, पण भिंतीतला नमुना रसायनशास्त्रज्ञाच्या वहीतूनच त्याच्यापर्यंत येतो. नमुना कुठल्या लेण्यातला, कुठल्या थरातला, ही चिठ्ठी हरवली की पुढचं सगळं यंत्र निरुपयोगी. आणि निबंधाचा दुसरा भाग आपल्या अजिंठ्याबद्दल आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग सापडत नाही, आणि तिथल्या किमान २५ टक्के चित्रांचं किडींमुळे नुकसान झालं आहे, असं त्यात म्हटलं आहे. वेरूळचा गिलावा मात्र बराच टिकला.

इथं मन एकदम उडी मारतं : अजिंठ्याच्या अनुभवावरून वेरूळचे कारागीर शहाणे झाले असतील! असेलही. पण तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हणून मला थांबावं लागतं. दोन ठिकाणच्या गिलाव्यात फरक आहे, हे प्रयोगाने दिसलं. एकाने दुसऱ्याकडून शिकून तो केला, हे सिद्ध व्हायला कारागिरांची काही नोंद हवी होती. ती नाही. लेखांत दात्यांची नावं आहेत, गिलावा करणाऱ्याचं नाव नाही आणि त्याची पाककृतीही नाही. मघाशी मनात ठेवायला सांगितलं होतं ते हे. नाव न लिहिणं म्हणजे फक्त अन्याय नसतो, ज्ञानही त्याबरोबर बुडतं. कुणी केलं हे कळलं असतं, तर कसं आणि का केलं हे विचारायला जागा उरली असती.

म्हणून तुम्हाला तीनच गोष्टी सांगतो. एक, प्रकल्पाची वही गटाची असू द्या. रोजच्या नोंदीखाली तारीख आणि करणाऱ्याचं नाव असू द्या, आणि फसलेला प्रयोगही लिहा. तिची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा. गिल यांची आग विसरू नका. दोन, सत्राच्या मध्यावर एक दिवस कामं बदला. जिचं विश्लेषण आहे तिने नमुने गोळा करावेत, ज्याचं टायपिंग आहे त्याने विश्लेषण करून बघावं. जिथं अडेल तिथं काम हस्तांतर करण्याजोगं झालेलं नाही, हे त्याच दिवशी कळेल. तीन, अहवालाच्या शेवटी कुणी काय केलं ते वाक्यावाक्याने लिहा. अनेक विज्ञान नियतकालिकं आता लेखकांकडून हेच मागतात. कटहादीने ते कधीच केलं होतं : घरमुख माझं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, पण जो कामच करत नाही त्याचं काय करायचं?

उत्तर : दोन प्रकारचे लोक असतात. एकाला काम नको असतं, दुसऱ्याला काम दिलेलंच नसतं. दुसऱ्या प्रकारचे जास्त निघतात, असं माझं मत आहे. हुशार मुलगी सगळं स्वतःकडे ठेवते, कारण ‘त्याला जमणार नाही’. त्याला खडबडीत का होईना, एक भिंत नेमून द्या, आणि ती त्याचीच राहू द्या. तरीही नाही केलं, तर वहीत त्याच्या नावाखाली कोरी जागा राहील. मार्गदर्शकांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

प्रश्न : मग गिल यांचं काम वाया गेलं, असं म्हणायचं का?

उत्तर : नाही, तसं म्हणू नये. पुढे त्यांनी कॅमेरा हाती घेतला. अजिंठा-वेरूळची त्यांची छायाचित्रं १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाली, आणि छायाचित्राच्या प्रती अनेक असतात, हे लक्षात घ्या. शिवाय त्यांच्या नकला जळाल्या म्हणूनच काय हरवलं हे लोकांना कळलं आणि ग्रिफिथ्स यांच्याकडे काम आलं. १८७९ मध्ये गिल गेले, भुसावळला त्यांना पुरलं. त्यावेळी मुंबईची मुलं हिवाळ्यात अजिंठ्याला जाऊन चित्रं काढू लागून काही वर्षं झाली होती.